लाल वहीतली सही

माझ्या सहीला शेपूट आहे. 'शर्वरी' लिहून झालं की शेवटच्या अक्षरातून एक रेघ निघते, नावाखालून मागे जाते आणि तिच्या टोकाला दोन टिंबं. गेल्या सप्टेंबरात रसायनशास्त्राच्या तासाला मी ती घडवली, वहीची तीन पानं खर्च करून. आणि त्याच आठवड्यात, रविवारी, ती पहिल्यांदा एका खऱ्या कागदावर केली. तो कागद हाबुलदाच्या वहीतला होता.

हाबुलदा म्हणजे बालीगंज स्टेशनच्या बाजूचा घरांचा दलाल. वय पंचावन्नच्या आसपास, पण लहानथोर सगळे त्याला 'दा', म्हणजे दादाच म्हणतात. त्याचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाबाहेरची प्लास्टिकची खुर्ची. हातात काळी छत्री, खांद्याला नायलॉनची पिशवी, आणि पिशवीत लाल कापडाच्या बांधणीची लांबोडकी वही, जुन्या दुकानांच्या गल्ल्यावर असते तशी.

आम्ही त्याच्याकडे गेलो कारण आम्हाला घर हवं होतं. बाबा सरकारी बँकेत आहेत. नऊ वर्षांपूर्वी नाशिकहून इथे बदली झाली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मधे आईला इथल्या एका शाळेत गणित शिकवायची कायमची नोकरी लागली आणि बाबांनी ठरवलं की यापुढे बदली आली तर आपण एकटे जायचं, घर मात्र इथेच करायचं. बँकेचं क्वार्टर मेअखेर सोडायचं होतं.

आमच्या घरात बंगाली येतं ते फक्त मला. क्वार्टरच्या आवारात खेळता खेळता आलं, आणि असं आलं की फोनवर कुणी मला मराठी म्हणून ओळखत नाही. बाबांचं मत असं की हिंदीत काम होतं, पण हिंदीत भाव वाढतो. त्यामुळे प्लंबर, गॅसवाला, दातांच्या डॉक्टरांचा कंपाउंडर, सगळे माझ्या वाट्याला. "शर्वरी, त्याला विचार," हे बाबांचं रोजचं वाक्य. गेल्या वर्षी शाळेत बंगाली काव्यवाचनात माझा पहिला नंबर आला, तोही बंगाली मुलींना मागे टाकून. तेव्हापासून तर माझे पाय जमिनीला लागतच नव्हते.

फक्त एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. मला बंगाली वाचता येत नाही. शाळेत माझी दुसरी भाषा हिंदी. ती स्पर्धेची कविता मी एका मैत्रिणीला म्हणायला लावून देवनागरीत उतरवून घेतली होती. बसवरचे आकडे येतात, 'बालीगंज' येतं, कारण ते रोज दिसतं. बाकी सगळं म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे.

तर त्या रविवारी हाबुलदाने आम्हाला सान्याल काकीमांचा फ्लॅट दाखवला. तिसरा मजला, दोन खोल्या, दक्षिणेला बाल्कनी. इथे दक्षिणेचा वारा म्हणजे किमतीत सरळ चार-पाच लाखांचा फरक. काकीमा शाळेत ग्रंथपाल होत्या, आता एकट्या राहतात, गुडघ्यांमुळे जिना झेपत नाही. त्यांनी ब्याऐंशी लाख सांगितले. बाबा नुसतं "हं" म्हणाले. बाबांचं "हं" म्हणजे नाही.

निघताना जिन्यात हाबुलदाने वही उघडून माझ्यापुढे धरली. बाबा चार पायऱ्या खाली उभे राहून ब्रँचमधल्या कुणाशी तरी फोनवर बोलत होते. पानावर चार-पाच ओळी बॉलपेनने लिहिलेल्या, घाईच्या अक्षरात. त्याने मला 'मामोनी' म्हटलं, म्हणजे आपण 'बाळा' म्हणतो तसं, आणि सांगितलं की वाचून घे आणि बाबांची सही घे. मी ओळींवरून बोट फिरवलं. वाचायला जेवढा वेळ लागला असता, बरोबर तेवढा वेळ थांबले. मान डोलावली. आणि बाबांना कशाला त्रास, म्हणून नाव, फोन नंबर लिहून स्वतःच सही ठोकली. शेपटासकट, टिंबांसकट.

"काय होतं?" फोनवर हात ठेवून बाबांनी विचारलं.

"काही नाही. आपण येऊन गेलो त्याची नोंद."

"वाचलंस ना?"

"हो."

फेब्रुवारीत गडियाहाटच्या फुटपाथवर, चादरींच्या ढिगापाशी, काकीमा भेटल्या. आमच्यानंतर हाबुलने एकही गिऱ्हाईक आणलं नव्हतं आणि बंगलोरचा मुलगा 'घर विका आणि इकडे या' म्हणून मागे लागला होता. मी उभ्या उभ्या म्हटलं, काकीमा, मग आम्हालाच द्या की, मधे दलाल कशाला, दोन टक्के तुमचे वाचतील, दोन आमचे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, खरं सांगते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तू तर पक्की व्यापारी निघालीस. पुढचे तीन शनिवार मी त्यांच्याकडे चहा-मुरमुरे खात बसले आणि तिसऱ्या शनिवारी गाडी चौऱ्याहत्तर लाखांवर आणून थांबवली. बाबांनी हाबुलदाचं काय, असं एकदा विचारलं. मी म्हटलं, त्याने केलं काय, एकदा बेल वाजवली. बाबा हसले. बयाना दिला, करार झाला, मार्चमधल्या एका बुधवारी रजिस्ट्री ठरली. त्या दिवशी बाबांनी नाशिकला आत्याला फोन लावला आणि मी दाराआडून ऐकलं, "सगळा व्यवहार शर्वरीने केला. मी फक्त चेक लिहिला."

रजिस्ट्रीला आठ दिवस राहिले असताना, मंगळवारी, शाळेतून येताना माझा फोन वाजला.

"मामोनी, नवीन घर घेतलंस. मिठाई नाही पाठवलीस?"

आवाज इतका मऊ होता की कोण ते मला पटकन कळलंच नाही. मग तो म्हणाला की दरवानाने सांगितलं, तुम्ही माप घ्यायला आला होता म्हणून. म्हणाला, वही आहे माझ्याकडे, तुझी सही फार सुंदर आहे. आणि थांबला. मी फोन बंद केला. बसमध्ये एवढी गर्दी होती, तरी मला वाटलं की ते सगळ्यांनी ऐकलं.

घरी पोचेपर्यंत व्हॉट्सॲपवर त्या पानाचा फोटो आला. मी न्हाणीघरात जाऊन, कडी लावून, तो भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला. छापलेलं असतं तर आलं असतं. हाताच्या अक्षराचं त्याने काय केलं तर 'पक्ष स्वतः वर्ष गाय आत'. दुसऱ्यांदा टाकलं तर गायही गेली. पण एक गोष्ट मला ॲपशिवाय वाचता आली. बसच्या आकड्यांमुळे. दोन, आणि त्याच्यापुढे टक्क्याची खूण. आणि चार ओळी खाली माझी शेपटीवाली सही, अगदी ऐटीत.

चौऱ्याहत्तर लाखांचे दोन टक्के मी मनातल्या मनात काढले. एक लाख अठ्ठेचाळीस हजार. नळ चालू ठेवून बादलीवर बसून राहिले. आईने दोनदा दार वाजवलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर तो फाटकासमोर होता. चहाच्या टपरीला टेकून, छत्री, पिशवी, सगळं तसंच. त्याने हाक मारली नाही, काही नाही. फक्त हात वर केला, ओळखीचं माणूस करतं तसा. मी पुन्हा आत गेले आणि मागच्या फाटकाने निघाले. मागचं फाटक आमच्या बसथांब्यापासून पंधरा मिनिटं लांब आहे. ती पंधरा मिनिटं मी एकदाही मागे पाहिलं नाही, कारण मागे पाहिलं आणि छत्री दिसली तर काय करायचं ते मला माहीत नव्हतं. त्याला माझी शाळा माहीत होती. क्वार्टर माहीत होतं. बाबांची ब्रँच एस्प्लनेडला आहे हे तर मीच त्याला पहिल्या दिवशी मिरवून सांगितलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी काकीमांचा फोन आला. त्यांचं हिंदी अर्ध्यावर अडकतं, म्हणून आईने फोन स्पीकरवर टाकला आणि मी मधे बसले. हाबुल त्यांच्याकडे येऊन दोन तास बसला होता. आरडाओरडा नाही, शिवी नाही. पाणी मागितलं, प्यायला आणि बसून राहिला. जाताना म्हणाला, काकीमा, त्या मुलीची सही माझ्या वहीत आहे, बुधवारी रजिस्ट्रीला मीही येईन. काकीमा म्हणाल्या, मी एकटी बाई आहे, मला भांडण नको, तुमचं त्याच्याशी मिटत नसेल तर बयाना परत घ्या, मी घर विकत नाही. मी हे सगळं मराठीत सांगितलं. आईने पदराने कपाळ टिपलं. मेअखेर आम्ही जाणार कुठे, हे ती बोलली नाही, पण कॅलेंडरकडे पाहिलं.

बाबा माझ्याकडे वळले. "त्या वहीत काय लिहिलं होतं?"

तेव्हा सांगता आलं असतं. नुसता श्वास घेऊन सांगता आलं असतं. पण बाबांचा चेहरा इतका खात्रीचा होता, मला वर्गात उत्तर येणारच असं बाईंना वाटतं ना, तसा.

"नोंद. आलो होतो त्याची."

"कमिशनचं काही नव्हतं?"

"नाही."

"मग झालं," बाबा म्हणाले आणि एकदम हलके झाले. "आपण शनिवारी त्याच्याकडेच जाऊ. चार माणसांसमोर तूच ते पान वाचून दाखव. खोटं बोलणारा माणूस कागदाला घाबरतो."

त्या रात्री बाबा श्रीखंड दोनदा घेऊन जेवले.

शुक्रवारी मला कुणीतरी वाचून दाखवणारं हवं होतं. शाळेत कुणाला विचारणार? ज्या मुलींना मी काव्यवाचनात हरवलं त्यांना? शेवटी क्वार्टरच्या फाटकाशी भाजी विकायला बसते त्या लक्ष्मीदीसमोर मी फोन धरला. ती पहाटेच्या लोकलने दक्षिणेकडच्या गावातून येते, मी सहा वर्षांची असल्यापासून मला ओळखते. तिने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. पालेभाजीवर पाणी मारत म्हणाली, मला कुठे येतं गं वाचायला, तूच वाच, तू शिकलेली. किती सहज म्हणाली. मी अर्धा किलो पडवळ घेऊन घरी आले. आमच्याकडे पडवळ कुणी खात नाही.

शनिवारी अकरा वाजता बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, कराराची प्रत फायलीत घेतली, आणि आम्ही निघालो. वाटेत मी म्हटलं की माझं पोट दुखतंय. बाबा म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे.

झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच तिथला क्लब आहे. क्लब म्हणजे एक खोली, बाहेर कॅरम आणि त्याच्याभोवती चार मोठी माणसं. आम्ही थांबलो तशी सोंगटी वाजायची थांबली. हाबुलदा उठला आणि त्याने आपली खुर्ची बाबांपुढे सरकवली. बाबा बसले नाहीत.

"त्यांना सांग," बाबा मला म्हणाले, "माझ्या मुलीने सही करण्याआधी वाचलं होतं. कमिशनचा एक शब्दही त्यात नव्हता. वही काढा म्हणावं."

मी ते बंगालीत सांगितलं. माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता. हाबुलदाने माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतून वही काढली. आमचं पान एका झटक्यात उघडलं, कारण त्यात बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं. बाबांनी वही त्याच्या हातातून घेतली आणि माझ्या हातात दिली.

"वाच. मोठ्याने वाच. आणि मग मला मराठीत सांग."

कॅरमवाल्यांपैकी दोघे उठून जवळ आले. झेरॉक्सवाल्याने मशीन बंद केलं. लाल कापड घामाने माझ्या बोटांना चिकटत होतं. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, जिन्यात ठेवलं होतं तसंच. मराठीत मी बाबांना काहीही सांगू शकले असते. पण आधी ते बंगालीत वाचायचं होतं, आणि इथे सगळ्यांना बंगाली येत होतं. स्टेशनवरून सियालदहची गाडी सुटल्याची घोषणा झाली. ती संपेपर्यंत मी थांबले. संपली.

"बाबा, मला वाचता येत नाही."

"काय येत नाही?"

"बंगाली. अक्षरं. कधीच येत नव्हती. त्या दिवशी मी नुसतं बोट फिरवलं."

बाबांनी फायलीची दोरी एकदा सोडली आणि पुन्हा बांधली. हाबुलदा विचारत होता, काय म्हणाली, ती काय म्हणाली. आणि ते त्याला सांगणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. ते काम माझंच होतं. मग मी तेच सगळं बंगालीत सांगितलं. बोट फिरवल्याचंसुद्धा.

हाबुलदा आपल्याच खुर्चीत खाली बसला.

"मी चार दिवस झोपलो नाही," तो म्हणाला. "एवढीशी पोर, समोर उभी राहून वाचते, सही करते आणि मग इतक्या थंड डोक्याने फसवते. मला तुझी भीती वाटायला लागली होती."

तो हसत नव्हता. मला वाटलं होतं, भीती एका बाजूलाच आहे.

मग त्याने वही घेतली आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचलं, आणि मी बाबांना एकेक वाक्य सांगत गेले. हे घर आज मी दाखवलं. आजपासून एक वर्षात पार्टीने ते माझ्यातर्फे, दुसऱ्या कुणातर्फे किंवा मालकाशी थेट बोलून घेतलं, तरी किमतीच्या दोन टक्के मला द्यायचे. 'मालकाशी थेट बोलून' हे सांगताना मी बाबांच्या बुटांकडे पाहिलं.

तेवढ्यात झेरॉक्सवाला मधे पडला. मला विचारलं, वय काय तुझं. पंधरा म्हटल्यावर तो हाबुलदाला म्हणाला, अरे मग या सहीला कोर्टात किंमत काय, पोरीची सही कुठे चालते. कॅरमवाल्यांतला एकजण फिस्सकन हसला. हाबुलदा हसला नाही. त्याने तळहात पानावर पसरून ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवतात तसा. वारा नव्हता.

"तो काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

हे मी गिळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. सांगितलं तर बाबांचे दीड लाख तिथल्या तिथे सुटणार होते आणि हाबुलदाचे जाणार होते. पण मी ठरवलं होतं की आता मधे काही ठेवायचं नाही, या बाजूचं नाही, त्या बाजूचं नाही. मी सगळं सांगितलं, कोर्टासकट. बाबा आता काय करतील हे मला पहिल्यांदाच माहीत नव्हतं.

"कायद्याने बरोबर आहे त्याचं," बाबा म्हणाले, माझ्याकडे न बघता. मग विचारलं, "त्या दिवशी काकीमांची बेल कोणी वाजवली होती?"

"हाबुलदाने."

"मग विचार त्यांना, एक टक्का घेतील का. आठ लाख आपण स्वतः खाली आणलेत म्हणावं."

हाबुलदा दीड म्हणाला. बाबांनी मान हलवली. मी इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करत राहिले, स्वतःचा एक शब्दही न घालता, आणि असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. शेवटी एक लाखावर ठरलं. निम्मे आत्ता चेकने, निम्मे रजिस्ट्रीनंतर, आणि हाबुलदाने आजच काकीमांकडे जाऊन सांगायचं की त्याची काही हरकत नाही. तो लगेच हो म्हणाला. म्हणाला, त्यांच्याकडे पाणी प्यायलो तेव्हा त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, मलाच कसंतरी झालं.

त्याने झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर पावती लिहिली, त्याच घाईच्या अक्षरात, आणि बाबांना दिली. बाबांनी ती घेतली. सवयीने त्यांचा हात माझ्याकडे वळला, आणि मधेच थांबला. मी घ्यायला हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

बाबांनी पावती परत हाबुलदापुढे धरली आणि वाचा म्हणून खूण केली. त्याने वाचली. मी मराठीत सांगितली.

"असं लिहिलंय?"

"असं ते म्हणाले," मी म्हटलं. "लिहिलंय का, ते मला माहीत नाही."

बाबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, सोमवारी ब्रँचमध्ये दत्तबाबूंकडून वाचून घेईन, आणि बुधवारी रजिस्ट्रीलाही त्यांनाच बोलावीन. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, रागावलेल्या बाबांना कसं वळवायचं ते मला येतं.

स्टेशनच्या कोपऱ्यावर शहाळेवाला होता. बाबा थांबले. माझं पोट दुखत होतं हे त्यांच्या लक्षात होतं. मी भाव विचारायला तोंड उघडलं, पण त्याआधीच त्यांनी स्वतः हिंदीत विचारलं, दोन कितीला.

शहाळेवाल्याने बाबांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि एकशेसाठ सांगितले. मी नेहमी दोन एकशेवीसला आणते.

बाबांनी एकशेसाठ दिले. मी गप्प उभी राहून नळीने पाणी प्यायले.